उंदराची तीस वर्षं, पाइनची पाच हजार

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. लेखाचा मसुदा वाचला. नेकेड मोल-रॅट हा बिळात राहणारा केसविरहित उंदीर आणि ब्रिसलकोन पाइन हे हजारो वर्षं जगणारं झाड, जोडी भन्नाट निवडलीस. पण पहिल्याच वाक्यात ‘झाड उंदराच्या दीडशेपट जगतं’ असा भागाकार उरकून टाकलास, तिथे मी अडखळलो.

वर्षं मोजायची ती नेमकी कशाची? कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्समधला ‘मेथ्यूसेला’ नावाचा पाइन ४,८०० वर्षांच्या पुढे गेलाय, खरं आहे. पण त्याच्या खोडातलं बहुतेक लाकूड केव्हाच मेलेलं. जिवंत आहे तो मुख्यतः सालीखालचा पातळ थर, आणि फार जुन्या झाडांत तोही एका अरुंद पट्टीपुरता उरतो. एक मूळ वाळलं की त्याच्या वरची तेवढीच पट्टी वाळते, बाकीचं झाड आपलं चालूच. उंदराला ही सोय नाही. हृदय थांबलं की सगळा कारभार एकदम आटोपला.

तुलना करायचीच तर पानाशी कर. या पाइनची एकेक सुई तीस-तीस वर्षं फांदीवर हिरवी राहते. आणि तुझा तो जेमतेम ३५ ग्रॅमचा, सुरकुतलेला, ओठांबाहेर दात आलेला प्राणीही तिशी ओलांडतो! घरातला उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो. लेख इथून सुरू झाला असता तर मी खुर्चीत सरसावून बसलो असतो.

‘मोल-रॅट म्हातारा होत नाही’ हे वाक्य मात्र काढ. संशोधक रोशेल बफेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं ते एवढंच, की वय वाढलं तरी त्याचा मृत्यूचा धोका वाढत नाही. माणसात तो प्रौढपणी साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. मरतो मोल-रॅटही.

खोडातली वर्षागणिक वाढणारी वलयं मोजून झाडाचं वय काढायचं प्रकरण घाईत गुंडाळलंस. वाईट सालात झाड कधी कधी वलय धरतच नाही, म्हणून शेजारच्या झाडांशी ताडून बघावं लागतं. विद्यार्थी असताना एका ओंडक्यावर मी तीनदा मोजलं, तीन आकडे आले. वहीत गुपचूप मधला लिहिला.

१९६४ मध्ये नेवाडात एका संशोधक विद्यार्थ्याने परवानगी काढून असाच एक पाइन तोडला. वलयं निघाली ४,८०० हून जास्त. हा किस्सा घे, पण शेवटी नको. वाचक त्या बुंध्यापाशीच थांबतात आणि उंदीर विसरतात.

तुझा,
सर