सिंगापूरचा फ्लॅट, सीपीएफ आणि वाकडचं घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही सिंगापूरचे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी पण नागरिक नव्हे, वयं ३८ आणि ३६. पीआर मिळून पाच वर्षं झाली. तिथल्या सेंगकांग भागात ६ लाख सिंगापूर डॉलरचा एचडीबी (सरकारी गृहनिर्माण मंडळ) रीसेल फ्लॅट, म्हणजे आधीच्या मालकाकडून घ्यायचा, मनात भरलाय. पत्नी म्हणतात, सीपीएफ (आपल्या पीएफसारखा तिथला सक्तीचा निधी) घरासाठीच असतो, सगळे वापरतात. तुम्ही म्हणता, म्हातारपणाच्या पैशाला हात लावायचा नाही. आणि पुण्यातल्या वाकडचा टू-बीएचके तुमच्या नावावर आहे, हे शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय.

मी वाकडपासूनच सुरुवात करतो. पीआरने एचडीबी फ्लॅट घेतला की सिंगापुरातलंच नव्हे, परदेशातलं खासगी घरही विकावं लागतं. वाकडचा फ्लॅट भाड्याने दिलाय म्हणून सुटका नाही. त्या घराबद्दल आई-वडिलांशी बोलणं झालंय का? नसेल तर सीपीएफचा वाद तूर्त बाजूला ठेवा.

आता तो वाद. सीपीएफ १९५५ साली निवृत्तीसाठीच सुरू झाला. एचडीबीच्या घरांसाठी तो वापरायची मुभा १९६८ मध्ये आली. तेव्हापासून तिथल्या बहुतेक कुटुंबांचं म्हातारपण घराच्या किमतीत अडकलंय. नागरिकांना यातून निघायला वाट आहे: एचडीबीची घरं ९९ वर्षांच्या लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यावर असतात; ६५ नंतर उरलेल्या लीजचा काही भाग एचडीबीला परत विकून पेन्शनची सोय करता येते. पण त्यासाठी मालकांपैकी निदान एक जण नागरिक लागतो. तुम्ही पीआरच राहिलात तर ही सोय तुम्हाला नाही. त्यामुळे ‘सगळे वापरतात’ हे तुमच्या बाबतीत अर्धंच खरं.

तरीही सीपीएफ वापरला म्हणून पैसा बुडाला, असं नाही. घर विकताना काढलेली मुद्दल आणि तिच्यावरचं २.५ टक्के व्याज तुमच्याच खात्यात परत भरावं लागतं. २५ टक्के डाउनपेमेंटपैकी ५ टक्के रोख आणि २० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार, ओएमधून (सीपीएफमधलं घरासाठी वापरता येणारं ऑर्डिनरी अकाउंट) दिलंत तर दहा वर्षांनी त्याचे साधारण १ लाख ५४ हजार होतात. पुढे पीआर सोडून कायमचे परतलात तर सीपीएफची सगळी रक्कम हातात येते.

परत येत नाही ती स्टॅम्प ड्युटी. ६ लाखांवर नेहमीची १२,६०० आणि पीआर म्हणून पहिल्या घरावरही ५ टक्के जादा, म्हणजे ३०,०००. एकूण ४२,६०० डॉलर गेलेच. शिवाय घर घेतल्यावर पाच वर्षं विकता येत नाही. म्हणून मुलाच्या दहावीच्या सुमारास पुण्याला परतायचं मनात असेल तर घेऊच नका, भाड्याने राहा. यात मला फारसा विचार करावा लागत नाही.

पंधरा-वीस वर्षं तिथेच राहणार असाल तर माझं उत्तर वेगळं आहे, आणि ते पत्नींच्या बाजूला झुकतं. बँकेचं ४.५ लाखांचं कर्ज २५ वर्षांसाठी ३ टक्क्यांनी धरलं तर हप्ता सुमारे २,१३० डॉलर. तुमच्या वयाला पगाराच्या २१ टक्के ओएमध्ये जातात, म्हणजे दोघांच्या ओएमधून पूर्ण हप्ता सहज निघेल. मोह इथेच आहे. खिशातून काहीच जात नाही म्हणून घर फुकट वाटायला लागतं आणि पगार सुट्ट्यांत, गाडीत जिरतो. अर्धा हप्ता रोखीने भरा. प्रत्येकाच्या ओएमध्ये २० हजार तसेच ठेवा. तेवढ्यावर एक टक्का जादा व्याज मिळतं आणि नोकरी गेली तर काही महिने हप्ता चालतो.

लीजकडेही बघा. धाकट्या खरेदीदाराला ९५ वर्षांपर्यंत लीज पुरली तरच सीपीएफ पूर्ण वापरता येतो. पत्नींचं वय पाहता निदान ५९ वर्षं शिल्लक हवीत. सेंगकांगची घरं नवी, तिथे हा प्रश्न येऊ नये. पण स्वस्त म्हणून एजंटने आंग मो किओतलं सत्तरच्या दशकातलं घर दाखवलं, तर आधी लीजचा आकडा विचारा.