राग आला तर ख्रिस्ती माणसाने तो गिळायचा का?

नाही. राग येणं हेच पाप, असं बायबल मानत नाही. इफिसकरांस पत्र 4:26 म्हणतं, रागावलात तरी पाप करू नका.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचा. यरुशलेमचा कोट बांधला जात असताना गरिबांची शेतं गहाण पडलेली, लेकरं गुलामीत गेलेली, आणि सावकार आपलेच भाऊबंद! कोटाचं काम चालवणारा यहुदी पुढारी नहेम्या भयंकर संतापला. पण आधी मनाशी विचार केला, मगच सरदारांना तोंडावर सुनावलं, सभा भरवली. मागणीही नेमकी: व्याज सोडा, शेतं परत करा. त्यांनी ते मान्य केलं. (आपण आधी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकतो, विचार नंतर.)

मन फारच पेटलं असेल तर बायबलमधल्या स्तोत्र 13 या प्रार्थनागीतासारखं देवालाच रोखठोक विचारा, ‘किती काळ?’ तिथे शब्द जपून वापरावे लागत नाहीत.