कमी खर्चाच्या प्रवासाचे मासिक : सुरुवात खर्चाच्या तक्त्यापासून

प्रिय विद्यार्थिनी,

कोल्हापुरात उपयोजित कलेच्या अंतिम वर्षात शिकत असताना महाविद्यालयीन मुलांसाठी कमी खर्चाच्या प्रवासाचे मासिक हा प्रकल्प तुम्ही घेतला आहे. मुखपृष्ठाचे सात नमुने तयार आहेत, पण आतील पाने कोठून सुरू करावीत ते सुचत नाही, आणि ‘हल्ली मासिके विकत घेतो कोण’ या वडिलांच्या प्रश्नामुळे या कामावर पुढे पोट भरेल का, अशी शंका तुम्ही पत्रात विचारली आहे.

मुखपृष्ठे तूर्त बाजूला ठेवावीत, असे मी सुचवेन. खिशात मोजके पैसे आणि हाताशी दोन दिवसांची सुट्टी असलेल्या मुलाला सर्वांत आधी एवढेच जाणून घ्यायचे असते की, एवढ्या पैशांत तेथे जाऊन परत येता येईल का. त्याचे उत्तर देणारा खर्चाचा तक्ता हाच अशा मासिकाचा कणा असतो आणि छायाचित्रे, लेख, मथळे यांची जागा त्याच्यानंतर ठरते.

कोल्हापूर ते मालवण ही एकच सहल घ्या आणि ती स्वतः एसटीने करून या. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत असल्याने मैत्रिणीचा आणि मित्राचा प्रवासखर्च सारखा येत नाही. म्हणजे तक्त्यात भाड्याचा एक रकाना पुरणार नाही, दोन लागतील. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास एवढ्या सहलीला परवडतो की साधे तिकीट स्वस्त पडते, हे गणितही वाचकावर न सोपवता तुम्ही पानावरच मांडले पाहिजे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर मालवणच्या धक्क्यावरून होडीने जावे लागते आणि पावसाळ्यात ही होडीसेवा बंद असते. ही सूचना लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत गेली, तर जुलैत निघालेला मुलगा किनाऱ्यावरून किल्ला पाहून परत येईल. म्हणून ती मथळ्याच्या लगत हवी. प्रत्येक तक्त्याखाली दर तपासल्याची तारीख अवश्य छापावी, कारण भाडी बदलतात आणि जुना आकडा वाचकाला परगावी अडचणीत आणतो.

आता अक्षरांविषयी, कारण विद्यार्थ्यांच्या कामात मला सर्वाधिक चुका येथेच दिसतात. देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार येत असल्याने इंग्रजी मजकुरासाठी बेतलेले ओळींमधील अंतर तिला पुरत नाही. ते वाढवावे लागते. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर तसाच उघडणाऱ्या अक्षरसंकेतात असावा. ‘एक टाइप’ या अक्षररचना करणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे टंक विनामूल्य मिळतात व त्यांत जाड-बारीक वजनेही आहेत. तक्त्यातील रकमा उजवीकडे जुळवाव्यात, म्हणजे एककाखाली एकक येईल आणि 85 व 850 यांतील फरक बसच्या धक्क्यांतही नजरेला कळेल. गूगल मॅप्सचा स्क्रीनशॉट छापू नये. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या असलेल्या नकाशाची माहिती श्रेयनिर्देश करून वापरता येते, तिच्या आधारे थांबे आणि पायवाटा दाखवणारा साधा नकाशा तुम्ही स्वतः काढावा.

छपाईसाठी 16 पानांचा, मधोमध पिन मारलेला अंक पुरे. अशा बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीतच ठेवावी लागते, त्यामुळे लेखांची लांबी आधी ठरवून कोरी डमी, म्हणजे कोऱ्या कागदांचा नमुना अंक, घडी घालून समोर ठेवावी. ऑफसेटला, म्हणजे धातूच्या प्लेटवरून होणाऱ्या छपाईला, प्लेटचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी होतोच, म्हणून पन्नासेक प्रतींना डिजिटल छपाई स्वस्त पडेल. छापण्यापूर्वी डमीची एक प्रत मालवणला कधीही न गेलेल्या वर्गमित्राला द्या, कोणाला काही न विचारता त्याला जाऊन येऊ द्या, आणि तो जेथे जेथे अडला तेथे पेन्सिलीने खूण करून आणायला सांगा. परीक्षकांसमोर अंतिम अंकासोबत ही खुणांची प्रतही ठेवा. मी परीक्षक असतो तर तीच आधी चाळली असती.

वडिलांची शंका रास्त आहे. केवळ छापील मासिकावर घर चालेल, असे आश्वासन मी देणार नाही. परंतु वेळापत्रक, दर आणि नकाशा एका पानावर सुबोध करून दाखवणारा माणूस वृत्तपत्रांना, पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांना, संग्रहालयांना, पर्यटनसंस्थांना आणि मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्यांनाही लागतो. पुढे शिकायचे असल्यास आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सीड ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तर अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. दोन्ही ठिकाणी तुमच्या कामाचे नमुने पाहिले जातात आणि त्यांत हा अंक ठेवता येईल. नोकरी आधी हवी असेल, तर कोल्हापुरातच एखाद्या मुद्रणालयात किंवा दैनिकाच्या मांडणी विभागात सहा महिने काम करा. वडिलांना मात्र आत्ताच एक काम सांगा : तुमच्या तक्त्यातील बेरजा त्यांच्याकडून तपासून घ्या.