उत्तर: खराडी-चाकण लिंक, नेबर एक्सस्टार्टमध्येच अडकलाय

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला राव. ओएसपीएफ (स्विच आपसात रूट, म्हणजे रस्ते, कळवतात तो प्रोटोकॉल) नेबर, म्हणजे समोरचा स्विच, खराडीला एक्सस्टार्ट दाखवतोय, चाकणला एक्सचेंज (दोन्ही जोडणीच्या अर्धवट पायऱ्या, पूर्ण झाली की फुल), पिंग मस्त जातंय आणि वर "गुरुवारी लाइट गेली होती, बाकी कोणी काहीच बदललं नाही". आमच्याकडे भोसरी-हिंजवडीच्या मध्ये डिट्टो हेच झालं होतं, गुरुवारसकट.

एरिया, मास्क, हॅलो-डेड टायमर ही नेबर जुळायची सेटिंग्ज तुम्ही बघितलेच असणार, ते जुळत नसते तर गाडी इथपर्यंत आलीच नसती. एमटीयू बघा, म्हणजे एका पाकिटाची कमाल साइज. दोन्हीकडचा. नेबरची ओळख करून देणारं हॅलोचं पाकीट एवढंसं असतं, ते कुठूनही जातं, पण पुढच्या डेटाबेस डिस्क्रिप्शनच्या (आपल्याकडच्या माहितीची यादी) पाकिटात प्रत्येक स्विच आपला एमटीयू लिहून पाठवतो आणि तो स्वतःपेक्षा मोठा दिसला की समोरचा ते पाकीट घेतच नाही. मग बसा दोघं एकमेकांची तोंडं बघत.

आता "कोणी काही बदललं नाही" बद्दल. आमच्याकडे स्टोरेजवाल्यांनी जंबो फ्रेम (1500 बाइटपेक्षा मोठ्या) मागितल्या म्हणून मीच सहा महिने आधी भोसरीच्या कोअर स्विचवर एमटीयू 9000 टाकला होता. त्या जुन्या मॉडेलवर ही व्हॅल्यू रीलोड झाल्यावरच लागू होते, तशी ओळ स्क्रीनवर येते, मी वाचली आणि "नंतर करू" म्हणून साफ विसरलो. मग गुरुवारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, स्विच पडला, उठला तो 9000 घेऊनच. म्हणजे बदल मीच केलेला, फक्त सहा महिने उशिरा उगवला.

आणि मी काय केलं? दोन दिवस लिंकवाल्यांच्या हेल्पडेस्कशी भांडलो. नाव घेत नाही. "सर, लिंक अप है" आणि तिकीट क्लोज. परत उघडलं, परत क्लोज, वर फीडबॅक द्या म्हणून एसएमएस. तुमच्या लिंकवरून जास्तीत जास्त किती बाइटची फ्रेम जाते एवढं एकच विचारत होतो, चार जणांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. दोष माझा होता हे मान्य, पण हा आकडा त्यांनी पहिल्याच दिवशी दिला असता तर माझं लक्ष तेव्हाच एमटीयूकडे गेलं असतं. असो.

खरी घोडचूक पुढे आहे. तुम्हाला खाली एकाने एमटीयू-इग्नोर (समोरचा एमटीयू तपासूच नको अशी कमांड) मारायला सांगितलंय ना? मी तेच केलं, रात्री दोन वाजता. नेबर लगेच फुल, मी खुशीत घरी. आमचं राउटिंग टेबल तेव्हा लहान होतं म्हणून ते खपून गेलं. 1500 च्या पाकिटात साधारण 40 एक्स्टर्नल (ओएसपीएफच्या बाहेरून आलेले) रूट मावतात. मधल्या काळात नवीन साइट जोडली, रूट वाढले, तरी थोडे थोडे जात होते म्हणून कळलं नाही. मग पावसाळ्यात रस्ता खोदताना फायबर तुटली, जोडल्यावर सगळे रूट एकदम पाठवायची वेळ आली तेव्हा भोसरीच्या स्विचने 1500 पेक्षा मोठी पाकिटं भरली, ती लिंकवर गुपचूप पडत राहिली आणि नेबर लोडिंगमध्ये, फुलच्या आधीच्या पायरीवर, लटकला. तोपर्यंत मी एमटीयू-इग्नोर मारलंय हेही विसरलो होतो! सकाळच्या शिफ्टला प्लांटमध्ये ईआरपी (कंपनीचं कामकाजाचं सॉफ्टवेअर) नाही आणि मॅनेजर माझ्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे. ती सकाळ मला सगळ्यात महागात पडली.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, एमटीयू-इग्नोर म्हणजे दुखऱ्या दाढेवर लवंग. रात्र काढायला ठीक आहे, पण सकाळी काढा आणि राउटिंगचा एमटीयू दोन्हीकडे सारखा करा. मध्ये प्रोव्हायडर असेल तर 1500 च ठेवा, जंबोचे लाड स्टोरेजच्या व्हीलॅनपुरतेच (स्विचवरचं त्यांचं वेगळं नेटवर्क). कमांड मॉडेलप्रमाणे बदलते, तुमचं मॉडेल मला माहीत नाही, तेव्हा मॅन्युअल बघून आणि डाउनटाइम घेऊनच करा, माझ्या भरवशावर दुपारी बारा वाजता नको.

पिंगचं पण सांगतो. नुसतं पिंग काही सिद्ध करत नाही, विंडोजचं पिंग 32 बाइटचं असतं. फ्रॅगमेंट (पाकिटाचे तुकडे) न करण्याचा पर्याय लावून 1472 ने मारा, त्यात 28 बाइट हेडरचे मिळवले की 1500 होतात. ते गेलं नाही तर मग खुशाल हेल्पडेस्कला फोन करा, यावेळी हातात पुरावा असेल. सिस्को स्विचवरून मारत असाल तर थेट 1500 द्या, तिथे आयपी हेडर त्यातच धरलेला असतो. ह्या फरकात मी एक अख्खी संध्याकाळ घालवलीये.

आणि यूपीएसची बॅटरी बदला हो, गुरुवार दर आठवड्याला येतो.

दोन्ही बाजूंचं इंटरफेसचं आउटपुट टाका इथे, आयपी खोडून. रात्री जेवण झाल्यावर बघतो.