वाचकांचे प्रश्न : उलगडा झाल्यावरही पुन्हा पाहायचा तो कशासाठी?

(या वेळच्या उत्तरांत ‘प्रायमर’, ‘अरायव्हल’ आणि ‘ब्लेड रनर’ या चित्रपटांतील रहस्ये उघड झाली आहेत. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावे.)

प्रश्न : ‘प्रायमर’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा निम्म्यानंतर काहीच कळेनासे झाले. मग त्यातील कालप्रवासाच्या आकृत्या शोधून काढल्या, त्यांचा नीट अभ्यास केला आणि चित्रपट पुन्हा पाहिला. या वेळी सगळे कळले, पण गोडी वाटली नाही. समोरचा प्रसंग आकृतीत कुठे बसतो, एवढेच तपासत राहिलो. असे चित्रपट दुसऱ्यांदा पाहायचे तरी कसे?

उत्तर : आकृती पाहिलीत यात काही बिघडले नाही, फक्त तिच्याकडून अपेक्षा जरा जास्त ठेवलीत. कोणती घटना कोणत्या घटनेच्या आधी घडली, हे आकृती सांगते. त्या घटनेच्या वेळी कोणाला काय ठाऊक होते, हे मात्र तिच्यात सहसा सापडत नाही; आणि माझ्या मते ‘प्रायमर’चा सारा जीव तिथेच आहे.

शेन कॅरूथ यांनी हा चित्रपट सुमारे सात हजार डॉलरांत केला. लेखन, दिग्दर्शन, संकलन आणि संगीत त्यांचेच, शिवाय दोन नायकांपैकी एकाची, म्हणजे एरनची, भूमिकाही त्यांचीच. २००४ साली सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. लांबी अवघी ७७ मिनिटे, त्यामुळे पुन्हा पाहण्याचा खर्चही फारसा नाही. कॅरूथ गणिताचे पदवीधर, आणि ते चित्रपटातल्या कालप्रवासाच्या यंत्राच्या नियमांत दिसते. यंत्र म्हणजे एक पेटी. ती सकाळी सुरू करायची, दिवसभर कोणाच्या नजरेस न पडता एका खोलीत बसायचे, दुपारी पेटीत शिरायचे आणि जितके तास मागे जायचे तितके तास आत काढून सकाळी बाहेर पडायचे. म्हणजे सहा तास मागे जाण्यासाठी आयुष्यातले सहा तास पेटीत घालवावे लागतात, आणि बाहेर आल्यावर तेच सहा तास पुन्हा जगावे लागतात; चोवीस तासांचा दिवस अशा रीतीने छत्तीस तासांचा होतो. नायकांच्या चेहऱ्यावरचा थकवा आणि हळूहळू बिघडत जाणारे त्यांचे हस्ताक्षर हे अशा दिवसांचे परिणाम म्हणून पाहिले, तर ते तपशील केवळ वातावरणनिर्मितीसाठी उरत नाहीत.

हे नियम डोक्यात पक्के बसले की आकृती मिटून ठेवावी आणि प्रत्येक प्रसंगात एकच प्रश्न विचारावा : हे संभाषण एरन आत्ता पहिल्यांदा करतो आहे, की त्याला ते आधीपासून ठाऊक आहे? सगळा प्रकार होण्यापूर्वीच थांबवावा म्हणून दुसरा नायक एब आपल्या गुप्त, राखीव पेटीतून चार दिवस मागे येतो आणि बागेतल्या बाकावर एरनला गाठतो. पण एरन त्याच्याही आधी तिथे पोहोचलेला असतो, आणि त्या दिवसाची सारी संभाषणे ध्वनिमुद्रित करून कानातल्या यंत्रातून ऐकत तो आपली वाक्ये म्हणत असतो. हा प्रसंग एकदा कळला की मागचे काहीच पहिल्यासारखे राहत नाही. एरनचे प्रत्येक ‘खरंच?’ आणि प्रत्येक क्षणभराचा विलंब संशयास्पद वाटू लागतो. तो आश्चर्यचकित झाला आहे, की आश्चर्याची वेळ झाली म्हणून तसे दाखवतो आहे? आकृतीत या दोन्हींची जागा एकच असते, पण मैत्रीच्या हिशेबात त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. दोन मित्रांपैकी एकाने दुसऱ्याला न सांगता त्याच्या पुढे पाऊल टाकले, मग दुसऱ्यानेही तेच केले, आणि शेवटी कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवण्याची सोय उरली नाही, अशी ही गोष्ट आहे. कालप्रवास तिला एवढ्यासाठी लागतो, की विश्वासघात घडण्यापूर्वीच तो घडून गेलेला असावा.

एक सूचना मात्र करतो. ग्रेंजर नावाचे गृहस्थ एका रात्री अचानक रस्त्यावर दिसतात, दाढी वाढलेल्या अवस्थेत, आणि त्याच वेळी स्वतःच्या घरीही असतात. ते पेटीपर्यंत कसे पोहोचले, हे चित्रपट सांगत नाही. आकृत्या काढणाऱ्यांनी या पोकळीत अनेक तर्क भरले आहेत, काही फार हुशारीचे आहेत; पण एब आणि एरन यांनाही ते कळत नाही, आणि त्यांच्या भीतीचे कारण नेमके हेच आहे. आपल्याला त्यांच्याहून अधिक कळले, तर ती भीती आपण गमावून बसतो. हा भाग मी जाणूनबुजून न सोडवता ठेवतो.

प्रश्न : माझे यजमान म्हणतात, एकदा पाहून कळत नसेल तर तो दिग्दर्शकाचा दोष, प्रेक्षकाने गृहपाठ का करावा? मला पुन्हा पाहण्यात आनंद मिळतो, पण त्यांना पटेल असे उत्तर देता येत नाही.

उत्तर : त्यांचे म्हणणे निम्मे मान्य करून टाका. पहिल्या पाहण्यात गोंधळाखेरीज हाती काहीच न लागणारा चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्याचे ऋण आपल्यावर नसते, आणि गुंतागुंतीच्या आड रितेपण लपवणारे विज्ञानपटही थोडे नाहीत. पण न कळणे आणि पुन्हा पाहावेसे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना ‘अरायव्हल’च्या आधाराने दाखवता येईल. टेड चियांग यांच्या १९९८ मधील कथेवर डेनी विलनव्ह यांनी २०१६ साली केलेला हा चित्रपट एका पाहण्यातच पुरता कळतो. भाषातज्ज्ञ लुईस परग्रहवासीयांची वर्तुळाकार लिपी शिकत जाते, आणि तिला मुलीचे जे प्रसंग दिसत राहतात ते आठवणी नसून पुढे घडणारे आयुष्य आहे, हे शेवटी स्पष्ट होते. कोडे म्हणाल तर सुटले. तरी दुसऱ्यांदा पाहताना त्याच दृश्यांचा काळ बदललेला असतो : पहिल्या वेळी जी स्त्री मुलीच्या मृत्यूच्या दुःखातून सावरत असल्यासारखी वाटली, ती या वेळी ते दुःख येणार हे कळल्यावरही त्याला होकार देणारी दिसते. आरंभीचे तिचे निवेदनही तेव्हाच नीट ऐकू येते. गोष्टीची सुरुवात कुठे होते याबद्दलचा आपला समज आता तसा राहिला नाही, हे ती पहिल्याच वाक्यात सांगून टाकते आणि आपण ते कानाआड करतो. यजमानांना यासाठी कोणताही गृहपाठ लागणार नाही.

प्रश्न : ‘ब्लेड रनर’च्या अनेक आवृत्त्या आहेत. पुन्हा पाहायचा तर कोणती निवडावी?

उत्तर : दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना पूर्ण मोकळीक मिळालेली २००७ची ‘फायनल कट’ आवृत्ती निवडावी. १९८२ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत कृत्रिम मानवांना शोधून मारणाऱ्या नायक डेकार्डचे निवेदन आणि सुखान्त शेवट होता. १९९२च्या आवृत्तीत हे दोन्ही काढले गेले आणि एकशिंगी घोड्याचे स्वप्न आले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहण्याची हौस असेल, तर शेवटी डेकार्डला सापडणाऱ्या कागदी एकशिंग्याकडे लक्ष द्यावे. तो १९८२च्या आवृत्तीतही आहे, पण तिथे त्याचा अर्थ साधारणपणे एवढाच, की सहकारी गॅफ येऊन गेला आणि त्याने डेकार्डचे जिच्यावर प्रेम आहे त्या कृत्रिम मानव रेचलला जिवंत सोडले. स्वप्नाचे दृश्य जोडताच तोच कागद विचारू लागतो, की डेकार्डच्या मनातले स्वप्न गॅफला कसे कळले. आणि मग डेकार्ड स्वतःच कृत्रिम मानव आहे की काय, ही शंका उभी राहते. स्कॉट यांचे उत्तर होकारार्थी आहे. हॅरिसन फोर्ड यांनी भूमिका करताना तो माणूसच असल्याचे धरले होते. मला फोर्ड यांची बाजू अधिक पटते, कारण माणसाला कृत्रिम मानवाकडून माणुसकी शिकावी लागते, ही गोष्ट डेकार्ड माणूस असेल तरच पुरती बोचते.

प्रश्न : उपशीर्षके लावून पाहणे योग्य की अयोग्य?

उत्तर : ‘प्रायमर’मध्ये पात्रे एकमेकांची वाक्ये तोडत, पुटपुटत बोलतात, त्यामुळे तिथे अवश्य लावावीत. ‘ब्लेड रनर’ला शक्य असल्यास टाळावीत, त्यातले महत्त्वाचे बरेचसे पडद्याच्या कडांवर आणि अंधारात आहे, आणि तळाशी अक्षरे असली की नजर तिथेच खिळते.