तात्कालिक, तत्कालीन आणि निमित्त

यवतमाळ जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धाच्या कारणांची उजळणी करताना तिच्या वहीत साराजेव्होच्या (तेथे झालेल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या) हत्येपुढे ‘तत्कालीन कारण’ असे लिहिलेले आढळले, मैत्रिणीच्या वहीत मात्र ‘तात्कालिक कारण’ आहे, बरोबर कोणते?

‘तात्कालिक’ बरोबर आहे. ‘तत्कालीन कारण’ हा प्रयोग शिकवणीच्या फळ्यांवर वारंवार दिसतो आणि दर वेळी संताप येतो, कारण त्याने उत्तराचा अर्थच उलटतो. तात्कालिक म्हणजे घटनेला लगेच तोंड फोडणारे, तर तत्कालीन म्हणजे त्या काळातले. तसे पाहिले तर १८७१ पासून फ्रान्सला सलणारा, जर्मनीने घेतलेल्या अल्सेस-लॉरेन प्रांतांचा प्रश्न, जर्मनी, ऑस्ट्रिया व इटली यांचा १८८२ चा त्रिराष्ट्र करार, ब्रिटन व जर्मनी यांची आरमारी चढाओढ आणि १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केल्यावर सर्बियात उसळलेला राग, ही सारी तत्कालीनच कारणे ठरतात. परीक्षेत ज्यांना आपण मूलभूत कारणे म्हणतो ती हीच.

संस्कृताचा दाखला देणारे काहीजण दुसरे टोक गाठतात. ‘कालाट्ठञ्’ या पाणिनीच्या सूत्राने कालवाचक शब्दांना ‘इक’ लागतो, म्हणून ‘तत्कालीन’ हे रूपच अशुद्ध, असे ते सांगतात. संस्कृत वैयाकरण भट्टोजी दीक्षितांनी ‘समानकालीन’, ‘प्राक्कालीन’ यांना अपभ्रंश ठरवणारे मत नोंदवले आहे, हे खरे. पण ते मराठीला बांधील मानणे मला साफ अमान्य आहे. मराठीने ‘तत्कालीन’ आणि ‘तात्कालिक’ यांच्यात अर्थाची स्वच्छ वाटणी केली आहे, आणि सूत्राच्या हट्टापायी ‘तात्कालिक समाज’ लिहिणारे ती वाटणी मोडतात.

मला विचाराल तर या हत्येला खरा शोभणारा शब्द तिसराच आहे, तो म्हणजे ‘निमित्त’. आज त्याचा अर्थ बहाणा इतका उतरला आहे, पण संस्कृतात निमित्त म्हणजे बाणाचे लक्ष्यही होते. ‘शिशुपालवध’ या संस्कृत महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात माघाने कार्याचा विचार न करता बोलणाऱ्याला, निमित्तापासून बाण चुकलेल्या आणि तरीही वल्गना करणाऱ्या धनुर्धराची उपमा दिली आहे. या अर्थाने १९१४ चा उन्हाळा पाहावा. प्रत्यंचा आधीच ओढलेली होती आणि बाणाला रोख हवा होता, तो साराजेव्होने दिला. २८ जूनला गाव्रीलो प्रिन्सिपने युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला तो २३ जुलैला. सर्बियाने त्यातील बहुतेक मागण्या मान्य केल्या, तरीही २८ जुलैला युद्ध पुकारले गेले. हत्या हेच खरे कारण असते, तर अशा उत्तरानंतर निदान बोलणी लांबली असती.

आपल्या वऱ्हाडात हा भेद कोणाला शिकवावा लागत नाही. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) वर्षानुवर्षे धुसफुसणाऱ्या दोन भावांत एखाद्या दिवशी बकरी पराटीत, म्हणजे कपाशीत, शिरल्यावरून काठ्या निघाल्या, तर गावातली म्हातारी माणसे बकरीला कारण म्हणत नाहीत, निमित्त म्हणतात. माझ्या मते पाठ्यपुस्तकांनी ‘तात्कालिक कारण’ हा अवजड जोडशब्द सोडून हाच शब्द घ्यावा. ‘मग ते कारण नव्हतेच का?’ असा आक्षेप काही शिक्षक घेतात. पण निमित्त हेही कारणाच्याच कुळातले आहे, आणि न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, ‘निमित्तकारण’ ही संज्ञा वेगळ्या अर्थाने का होईना, रूढ आहेच.

उत्तरपत्रिकेत मात्र मथळा ‘तात्कालिक कारण’ हाच द्यावा, कारण तपासणारा तोच शोधतो. आणि त्याखालच्या पहिल्या वाक्यात ‘साराजेव्होची हत्या युद्धाला निमित्त ठरली’ असे लिहावे.