कानातला आवाज आणि कारणांची वही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ३९. सात आठवड्यांपूर्वी रात्री दोनच्या सुमारास एका बारीक, सलग आवाजाने जाग आली. लांब कुठेतरी शिट्टी वाजत असावी तसा. वाटलं, फ्रिजचा असेल. फ्रिज बंद केला, चार्जर काढले, शेवटी मेन स्विच पाडला. अंधारात उभी राहिले तर आवाज आणखीच स्पष्ट. कानांत बोटं घातली तेव्हा कळलं की तो माझ्याच कानांत आहे, दोन्ही. तेव्हापासून थांबलेला नाही.

नाक-कान-घसा तज्ज्ञांनी तपासलं. मळ नाही, पडदे चांगले, ऐकण्याची चाचणी नॉर्मल. ‘घाबरण्यासारखं काही नाही, सवय करून घ्या,’ म्हणाले. पण मग हा आला कुठून? आदल्या आठवड्यात सर्दी होती, पाच दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्याच आठवड्यात एका कार्यक्रमात दोन तास स्पीकरजवळ बसले होते. इअरफोन तर रोजचेच, आणि ऑफिसात वर्षअखेरीचा ताण. मी एक वही केली आहे. रोज रात्री आवाजाला दहापैकी गुण देते, दिवसभरात काय खाल्लं, किती झोपले ते लिहिते. वही संपत आली, कारण सापडत नाही. मेंदूत काही असेल का? एमआरआय करून घेऊ का? मला वेड तर लागत नाहीये ना? – म.

उत्तर : म., तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण रात्री तोच छळत असणार. वेड लागत नाहीये. शब्द, हुकूम, कुणाचं बोलणं ऐकू येणं ही वेगळी बाब. शिट्टी, रातकिडे, गुणगुण, वाफ सुटल्यासारखा आवाज, या सगळ्याला आम्ही टिनिटस म्हणतो आणि साधारण दर सात प्रौढांमागे एकाला तो कधी ना कधी जाणवलेला असतो. मेन स्विच पाडणाऱ्याही तुम्ही पहिल्या नाही. मी ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी आहे. रात्री गच्चीवर जाऊन पाण्याच्या पंपाला कान लावणारे, इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीतल्या वायरी तपासून घेणारे लोक माझ्यासमोर बसलेले आहेत. आणि माझ्या स्वतःच्या डाव्या कानात गेली ११ वर्षं आवाज आहे. तेव्हा हे मी दोन्ही बाजूंनी लिहिते आहे.

चाचणी नॉर्मल असूनही आवाज कसा, हे तुम्हाला कुणी समजावलेलं दिसत नाही. ‘सवय करून घ्या’ हे वाक्य खोटं नाही, पण त्याच्या आधी पाच मिनिटं बोलायला हवं होतं. ती पाच मिनिटं आता घेऊ.

बंद खोलीत हेडफोन लावून, ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं, ती तुमची चाचणी. तीत बहुधा २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे ठरावीक सूर तपासतात. तरुण कान मात्र २०,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकतो. म्हणजे ‘नॉर्मल’ हा शेरा तेवढ्या मोजक्या पायऱ्यांपुरता असतो. वरच्या पट्टीत किंवा दोन पायऱ्यांच्या मध्ये थोडी हानी झाली असेल, तर ती त्या कागदावर दिसत नाही. प्रत्येक आतल्या कानात, शंखासारख्या वळणदार नळीत, आवाज टिपणाऱ्या साधारण १५,००० केसपेशी असतात. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यातल्या काही गप्प झाल्या की तिकडून येणारा संदेश मंदावतो आणि मेंदू आपल्या बाजूने आवाजाची कळ पिळतो. रेडिओवर स्टेशन लागत नसताना आवाज वाढवला तर खरखर वाढते, तसं काहीसं. ती खरखर आपल्याला शिट्टी म्हणून ऐकू येते. टिनिटसचं आजचं सगळ्यात पटण्याजोगं स्पष्टीकरण हेच आहे.

शांततेत मेंदू असा आवाज करतो याचा एक जुना दाखला आहे. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी ऐकणं उत्तम असलेल्या ८० जणांना, ज्यांना आवाजाचा काहीही त्रास नव्हता अशांना, आवाजबंद खोलीत काही मिनिटं बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज लिहिला.

आता तुमचे संशयित. सर्दीने कानाला दडे बसतात आणि आवाजही येतो, पण सर्दी ओसरली की तोही बहुधा ओसरतो. तुमचा पडदाही चांगला आहे. अँटिबायोटिकचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. कानाला इजा करणारी म्हणून जी ओळखली जातात, जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, ती मुख्यतः इंजेक्शनने देतात. तरी रिकामी पट्टी जपून ठेवली असेल तर डॉक्टरांना दाखवा. स्पीकरजवळचे दोन तास मला सगळ्यात जास्त खटकतात. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची नेहमीची मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. ताण एकट्याने आवाज क्वचितच निर्माण करतो, पण असलेला आवाज समोर आणून ठेवतो.

पण म., यातलं नेमकं कोणतं, हे मी सांगू शकत नाही आणि कोणतीही चाचणी सांगू शकणार नाही. मागे जाऊन पाहणारं यंत्र आमच्याकडे नाही. शिवाय बहुतेक कारणांवरचा पुढचा उपाय एकच आहे. स्पीकरला दोषी ठरवलं काय आणि इअरफोनला ठरवलं काय, उद्यापासून तुम्ही करायचं तेच.

काही खुणा असल्या तर मात्र कारण शोधायलाच हवं, आणि पटकन. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे स्टेरॉइड जितक्या लवकर तितकं चांगलं, दोन आठवडे उलटले की फायदा घटत जातो. नाडीच्या ठोक्याबरोबर धक् धक् वाजणारा आवाज रक्तवाहिन्यांच्या वाटेने येऊ शकतो, त्याची तपासणी वेगळी. आवाजासोबत घर फिरल्यासारखी चक्कर किंवा चेहरा बधिर होणं, एकाच बाजूला आवाज, दोन कानांच्या ऐकण्यात फरक, अशा वेळी ऐकण्याच्या नसेवरची गाठ नाही ना, हे पाहायला एमआरआय सांगतात. ती गाठ क्वचित सापडते आणि ती कर्करोगाची नसते. माझा आवाज एकाच कानात, म्हणून माझा एमआरआय झाला. स्वच्छ निघाला. कारण मला आजही माहीत नाही. तुमचा आवाज दोन्ही कानांत, चाचणी दोन्हीकडे सारखी, बाकी खुणा पत्रात नाहीत. हे चित्र बदललं नाही, तर आज एमआरआयची गरज मला दिसत नाही.

राहिली वही. ती आज रात्रीपासून बंद करा, ही माझी कळकळीची विनंती. मनगटावरचं घड्याळ दिवसभर जाणवत नाही, कारण मेंदूने ते बिनमहत्त्वाचं ठरवलेलं असतं. कानातल्या आवाजाच्या बाबतीतही त्याला हेच शिकायचं आहे, आणि बहुतेकांचा मेंदू ते शिकतो. तुम्ही मात्र रोज रात्री, सगळं शांत झाल्यावर, त्याला शोधून काढता, त्याच्यापाशी थांबता, गुण देता. मेंदू त्यातून एवढंच घेतो की ही गोष्ट धोक्याची आहे, हिच्यावर पहारा हवा. मी सुरुवातीला वही केली नाही, पण दर तासाला बोटाने कान दाबून बघायचे, आहे का अजून. ती वहीच होती.

आवाज मोजता येतो. मशीनवर रुग्णाच्या आवाजाशी जुळणारा सूर शोधतो. आगगाडीच्या शिट्टीसारखा, असं सांगणाऱ्यांचा आवाजही बहुतेकदा जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीच्या वर दहा डेसिबलच्या आत जुळतो. ते खोटं बोलत नसतात. त्रास किती होईल हे आवाजाच्या मोठेपणावर फारसं ठरत नाही. आवाज ऐकू आल्यावर छातीत काय होतं, यावर बरंच ठरतं. म्हणूनच ज्या उपचाराला सगळ्यात चांगला आधार आहे तो कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे त्या भीतीवर पद्धतशीर काम करणं. झोप सलग बिघडली असेल तर समुपदेशकाकडे जायला सहा महिने वाट पाहू नका.

रात्री खोली पूर्ण शांत ठेवू नका. पंखा, पावसाचा रेकॉर्ड केलेला आवाज, काहीही चालेल, पण तुमच्या आवाजापेक्षा किंचित हळू. बुडवून टाकायला जाऊ नका, दोन्ही शेजारी शेजारी ऐकू येऊ द्या. घरात इअरप्लग लावून बसू नका, त्याने मेंदू कळ आणखी पिळतो. मोठ्या आवाजात मात्र जरूर लावा. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत टिनिटससाठी त्या सुचवू नयेत असं म्हटलं आहे. त्याच सूचनांनुसार टिनिटस सहा महिने किंवा जास्त टिकला तरच त्याला ‘टिकून राहिलेला’ म्हणतात. तुमचे सात आठवडे झालेत.

माझा आवाज सुरू झाल्यावर पाचव्या महिन्यात मी श्रवणयंत्रासाठी एका लहान मुलाच्या कानाचा साचा घेत होते. आधी दोरा बांधलेला कापसाचा बारीक बोळा आत ठेवायचा, मग गुलाबी पेस्ट भरायची आणि ती घट्ट होईपर्यंत मुलाला हलू द्यायचं नाही. त्याच्या डोक्याला हात धरून मी त्याला बोटं मोजायला लावत होते. साचा अख्खा निघाला, बाहेरच्या कानाच्या वळणासकट. तो उजेडात धरून बघताना लक्षात आलं, सकाळपासून मला माझा आवाज ऐकूच आला नव्हता. लक्षात आलं आणि त्याच क्षणी तो परत आला. पण सकाळ गेली होती, आणि ती माझी होती.

वही फेकू नका. शेवटच्या पानावर त्या अँटिबायोटिकचं नाव आणि चाचणीची तारीख लिहून ठेवा. सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा करा आणि शक्य असेल तर ८००० च्या वरचे सूरही तपासायला सांगा. तोवर त्या वहीत दुसरं काही लिहायचं नाही. तीन महिन्यांनी मला पुन्हा पत्र लिहा, आणि त्यात गुण नकोत. झोप कशी लागते, ते लिहा.